नोंदवहीतलं 'निरंक' : विद्यापीठ अनुदान आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
विद्यापीठ अनुदान आयोग, नवी दिल्ली.

विषय : उच्च शिक्षणातील समतेच्या नियमांबाबत (2012 चे नियम आणि जानेवारी 2026 चे, आता स्थगित असलेले, नवे नियम).

महोदय,

तीस वर्षांच्या नोकरीत आयोगाला उद्देशून मी पुष्कळ लिहिलं आहे. पण ते सगळं विहित नमुन्यात, तीन प्रतींत आणि प्राचार्यांमार्फत. 'मार्फत' खोडून लिहिलेलं हे पहिलंच पत्र. तुमचे नियम राजपत्रात हिंदी-इंग्रजीत छापले जातात हे मला ठाऊक आहे. तरी मराठीत लिहितो आहे, कारण ज्या अर्जाबद्दल मला सांगायचं आहे तो मराठीत होता.

विदर्भातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवलं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर हे त्या एका कॉलेजचं प्रकरण होईल आणि बाकीचे प्राचार्य हुश्श करतील.

2012 साली तुम्ही समतेचे नियम आणले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा, तक्रारीचा निकाल साठ दिवसांत लागला पाहिजे, वगैरे. आमच्याकडे परिपत्रक आलं आणि नॅकची, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या परिषदेची, टीम यायची होती म्हणून ते वाचलंही गेलं. प्राचार्य म्हणाले, "सर, तुमचा विषयच आहे हा, तुम्हीच घ्या." अशा रीतीनं मी भेदभावविरोधी अधिकारी झालो. एक पाटी, एक लाकडी पेटी आणि एक नोंदवही मिळाली. पाटी जिन्याजवळ लागली. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. नोंदवहीत दर मार्चमध्ये मी एक ओळ लिहीत असे : प्राप्त तक्रारी – निरंक.

आमच्या सरकारी मराठीतला हा फार सोयीचा शब्द. शून्य लिहिलं तर कुणीतरी मोजून पाहिलं असेल असं वाटतं. निरंक लिहिलं की मोजायची वेळच आली नाही असा अर्थ निघतो.

2017 च्या डिसेंबरात बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी फुलस्केपचा अर्धा कागद घेऊन माझ्याकडे आली. चार घड्या घातलेला. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ए, बी, सी अशा तीन बॅचेस पाडल्या होत्या. आडनावांच्या क्रमानं नव्हत्या, मार्कांप्रमाणेही नव्हत्या. सी बॅचमधली बारा नावं तिनं एकाखाली एक लिहिली होती आणि खाली एक वाक्य : 'आम्ही सर्व स्कॉलरशिपवाले आहोत.' सी बॅचची वेळ शनिवारी दुपारची. लॅब अटेंडंट त्या दिवशी लवकर निघून जायचा, वजनकाटे कपाटात कुलूपबंद, आणि तोटी गळणारे ब्युरेट नेमके याच मुलांच्या वाट्याला.

तोंडी परीक्षेत काय विचारतात तेही तिनं लिहिलं होतं. पूर्ण नाव सांग. आडनावावरून उमगलं नाही तर, गाव कोणतं? गावावरूनही लागलं नाही तर, "तिथले म्हणजे कोणते?" हा तिसरा प्रश्न ज्यांना आयुष्यात कधी विचारला गेला नाही, त्यांना त्यात विचारण्यासारखं काय आहे तेही कळत नाही. आणि ज्यांना विचारला जातो त्यांना पहिल्या प्रश्नालाच तिसरा ऐकू येतो.

मी तो कागद प्राचार्यांकडे नेला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, अंतर्गत गुण कुणाच्या हातात आहेत? पोरीचं वर्ष वाया जाईल. आणि पुढच्या महिन्यात नॅक आहे. समजावून सांगा तिला." पुढच्या सत्रात बॅचेस बदलू असा शब्दही त्यांनी दिला. मी समजावून सांगितलं. मला ते चांगलं जमतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, कागदाला होत्या त्याच घड्या घातल्या आणि तो परत नेला. मार्चमध्ये मी लिहिलं : निरंक.

बॅचेस खरोखरच बदलल्या, बरं का. पुढच्या सत्रात आडनावांच्या क्रमानं पडल्या. म्हणजे तक्रार खरी होती हे आम्हा सगळ्यांना मान्य होतं. ती फक्त नोंदवायची नव्हती.

दुसरी गोष्ट पुढच्याच वर्षीची. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर एक तरुण प्राध्यापक होता. नेट झालेला, पीएच.डी. संपत आलेली, भटक्या जमातीतला. त्याच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिलाच. शिकवायचा झकास. तृतीय वर्षाच्या वर्गाला त्यानं एक खेळ लावून दिला. आरक्षणाच्या बाजूचे असतील त्यांनी आरक्षणाविरुद्धचा सगळ्यात बळकट युक्तिवाद मांडायचा आणि विरोधकांनी बाजूचा. मुलं लाजायला लागली तेव्हा त्यानं स्वतः सुरुवात करून दाखवली. विरोधातली मांडणी पाच मिनिटं, अगदी जीव ओतून केली. मागच्या बाकावरच्या एकानं त्यातली चाळीस सेकंदं मोबाइलवर घेतली.

संध्याकाळी ती क्लिप गावभर फिरली. दुसऱ्या दिवशी साडेदहाला वीस-पंचवीस जण निवेदन घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेर. त्यांतले निम्मे माझ्या ओळखीचे, चळवळीतले. काहींना मी शिकवलं होतं, चौदा एप्रिलला त्यांच्या मांडवात भाषणं केली होती. त्यांचा राग खोटा नव्हता. जे वाक्य बसस्टँडपासून कॉलेजच्या गेटपर्यंत रोज कानावर पडतं तेच प्राध्यापकाच्या तोंडून ऐकलं की माणूस भडकणारच. पण तासाची उरलेली मिनिटं त्यांनी ऐकली नव्हती, आणि प्राचार्यांना ती ऐकायचीच नव्हती. चहा झाला, निवेदन स्वीकारतानाचा फोटो झाला, 'योग्य ती कारवाई' करण्याचं आश्वासन झालं. नोटीस निघाली नाही, चौकशी झाली नाही, त्याला कुणी काही विचारलंसुद्धा नाही. सोमवारी वेळापत्रकात त्याच्या तासांपुढे दुसऱ्याची आद्याक्षरं होती. तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढून टाकावं लागत नाही, पुढचे तास दिले नाहीत की भागतं.

या दोन गोष्टी बरीच वर्षं मी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या. एक समतेच्या, दुसरी अध्यापनाच्या स्वातंत्र्याच्या. यंदा जानेवारीत तुमचे नवे नियम आले, त्यांच्या बाजूनं आणि विरोधात आरडाओरडा सुरू झाला, आणि दोन्हीकडचे लोक म्हणू लागले की एकाला वाचवायचं तर दुसऱ्याचा बळी द्यावाच लागेल. तेव्हा मला ती केबिन आठवली. दोन्ही निर्णय तिथेच झाले होते, त्याच खुर्चीत बसून, आणि कारणही एकच : गवगवा नको. मुलीची तक्रार दाबली तीही गवगवा नको म्हणून आणि प्राध्यापकाचे तास काढले तेही त्यासाठीच. त्या खुर्चीच्या हाती आणखी एक शिक्का देणारा नियम त्या मुलीच्या कामाचा नाही आणि त्या प्राध्यापकाच्याही नाही. मला एवढंच म्हणायचं आहे. पुढचं सगळं त्याचा तपशील.

हे नियम कुणामुळे आले ते आधी लिहितो, कारण जानेवारीतल्या गदारोळात ते मागे पडलं. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातला रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 ला गेला. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी, जळगावची पायल तडवी 22 मे 2019 ला गेली. जातीय छळाला कंटाळून दोघांनी आत्महत्या केली, असा आरोप होता. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या त्या दोघांच्या आया. त्याच वर्षी दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 2012 चे नियम आहेत ना, मग ते पाळले का जात नाहीत, एवढंच त्यांचं विचारणं होतं. त्यावर हालचाल व्हायला सहा वर्षं लागली. फेब्रुवारी 2025 मध्ये मसुदा आला, 13 जानेवारी 2026 ला नियम अधिसूचित झाले आणि 29 जानेवारीला न्यायालयानं त्यांना स्थगिती दिली. नव्या नियमांतली भाषा संदिग्ध आहे, तिचा गैरवापर होऊ शकतो, तोवर 2012 चेच नियम चालू राहतील, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे फिरून आम्ही माझ्या लाकडी पेटीपाशी.

याच प्रकरणात तुम्ही न्यायालयाला आकडे दिलेत. 2019-20 मध्ये जातीय भेदभावाच्या 173 तक्रारी, 2023-24 मध्ये 378. वर्तमानपत्रांनी ही 118 टक्क्यांची वाढ म्हणून ठळक छापली. माझी नजर दुसऱ्याच आकड्यावर अडली. 704 विद्यापीठं आणि 1553 महाविद्यालयं मिळून पाच वर्षांत 1160 तक्रारी. म्हणजे पाच वर्षांत दोन संस्थांमागे एक. हे वाचून ज्याला वाटेल की आपल्याकडे भेदभाव उरला नाही, त्यानं एकदा माझी नोंदवही पाहावी. वाढ झाली ती भेदभावात की काही ठिकाणी किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमधून बाहेर आली म्हणून, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. दुसरं झालं असेल तर मला आनंदच आहे.

आता स्थगित नियमांबद्दल. त्यांत चांगलं बरंच होतं. मसुद्यात ओबीसी विद्यार्थ्यांचा उल्लेख नव्हता, अंतिम नियमांत तो आला. खोटी तक्रार केल्यास दंड, हे मसुद्यातलं कलम गाळलं गेलं. ते पुन्हा घाला अशी आता जोरात मागणी आहे. कृपा करून घालू नका. त्या मुलीला जर ठाऊक असतं की तक्रार सिद्ध झाली नाही तर तिलाच दंड होऊ शकतो, तर तो अर्धा कागद माझ्या टेबलापर्यंत आलाच नसता. सिद्ध न होणं आणि खोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वजनकाटे कपाटात कुणी ठेवले याला साक्षीदार कोण देणार? ज्याच्यावर आरोप होतो त्याला तक्रारीची लेखी प्रत, उत्तराला वेळ आणि आपलं म्हणणं मांडायची संधी द्या. एवढं दिलंत तर तक्रारदाराच्या डोक्यावर तलवार टांगायची गरज उरत नाही.

व्याख्येचा वाद. 'जाती-आधारित भेदभाव' म्हणजे अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांशी होणारा, एवढीच व्याख्या तुम्ही केलीत, आणि आम्हाला वगळलं म्हणून खुल्या वर्गातली मुलं रस्त्यावर आली. त्यांच्यातल्या काहींशी मी बोललो. माझा पुतण्याच त्यांच्यात होता, त्यामुळे जेवताना ऐकावंच लागलं. त्याच नियमांत 'भेदभाव' या शब्दाची दुसरी, सगळ्यांना लागू होणारी व्याख्या होती हे त्याला ठाऊक नव्हतं. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, अपंगत्व, सगळं तिच्यात होतं. ती व्याख्या असताना पहिली कशाला, हा प्रश्न न्यायालयानंही विचारला. माझं मत असं की पहिल्या व्याख्येमागे इतिहास आहे आणि तो पुसून टाकायचं कारण नाही. "तिथले म्हणजे कोणते?" हा प्रश्न वरून खाली विचारला जातो, खालून वर कुणी विचारत नाही. पण दोन्ही व्याख्या शेजारी शेजारी ठेवून त्यांचं एकमेकींशी नातं काय, हे दोन ओळींत सांगायला काय हरकत होती? जी गोष्ट तुम्ही लिहीत नाही ती टीव्हीवाले लिहून टाकतात.

आणि ती पथकं. संस्थेत फिरत राहून नजर ठेवणारी समता पथकं नियमांत होती, समतादूतही होते. समतादूत हा शब्द आमच्याकडे बार्टीमुळे, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेमुळे, आधीपासून रुळलेला आहे, त्याचं कुणाला भय नाही. पण पथक म्हटलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला भरारी पथक आठवतं, कॉप्या पकडायला परीक्षेच्या हॉलमध्ये घुसणारं. माझ्या त्या तरुण सहकाऱ्याच्या वर्गाच्या दारात असं पथक त्या पाच मिनिटांत येऊन उभं राहिलं असतं तर त्यानं काय टिपून घेतलं असतं?

इथे मी अध्यापनाच्या स्वातंत्र्याकडे येतो. समतेबद्दल कळकळ असलेले माझे बरेच मित्र हा शब्द ऐकला की नाक मुरडतात. उच्चवर्णीयांना वाटेल ते बोलण्याची मोकळीक, असा त्याचा अर्थ ते लावतात, आणि तो अर्थ लावायला जागा करून देणारे लोक आहेत हेही खरं. पण गेल्या दहा-अकरा वर्षांत या स्वातंत्र्याचा गळा कुणाच्या बाबतीत आवळला गेला ते पाहा. मे 2015 मध्ये आयआयटी मद्रासनं आंबेडकर-पेरियार अभ्यास मंडळाची मान्यता काढून घेतली. कशावरून, तर मंत्रालयाकडे आलेल्या निनावी तक्रारीवरून. ओरड झाल्यावर जूनमध्ये परत दिली. एप्रिल 2024 मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं एका दलित संशोधक विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. दिल्लीतल्या मोर्चात भाग घेणं हा त्याच्यावरच्या आक्षेपांपैकी एक. उच्च न्यायालयात तो हरला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हणत त्याला पीएच.डी. पूर्ण करायची मुभा दिली. तोवर वर्ष गेलं होतं. पुण्यात फेब्रुवारी 2024 मध्ये सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचं एक नाटक बंद पाडलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि पाच विद्यार्थ्यांना. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकावर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून गुन्हा दाखल झाला. तो सर्वोच्च न्यायालयानं 7 मार्च 2024 ला रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अभय ओक.

यांतलं काही डाव्यांचं, काही दुसऱ्या कुणाचं म्हणून बाजूला सारता येईल. पण ज्याच्या पाठीशी कुणी नाही त्यालाच या स्वातंत्र्याची पहिली गरज लागते. जातीबद्दल वर्गात बोलायचं तर जातीचे शब्द तोंडात आणावेच लागतात. फुल्यांचा उतारा वाचायचा तर त्यातला राग वाचावा लागतो, आणि त्या रागानं समोरचा एखादा विद्यार्थी दुखावतो. दलित आत्मकथनातल्या शिव्या गाळून ते शिकवता येत नाही, आणि त्या उच्चारल्या की दुसरा दुखावतो. दुखावणं हीच तक्रारीची कसोटी ठरवली तर वर्गात जात शिकवणं सगळ्यात आधी बंद होईल. समाजशास्त्राचे बरेच प्राध्यापक आत्ताच ते प्रकरण 'स्वयंअध्ययनासाठी' सोडून देतात.

मग रेघ कुठे ओढायची? मला वाटतं, विषय आणि वागणूक यांच्यामध्ये. आरक्षणाविरुद्धचा युक्तिवाद वर्गात मांडणं हा विषय. बारा स्कॉलरशिपवाल्यांना शनिवारी दुपारी एकत्र कोंबणं ही वागणूक. एखाद्या सिद्धांतावर टीका हा विषय, आणि तोंडी परीक्षेत गाव विचारणं ही वागणूक. गुण, बॅच, वसतिगृहातली खोली, मार्गदर्शक मिळणं-न मिळणं, शिष्यवृत्तीची सही अडवून ठेवणं या सगळ्यांत कोणताही विचार मांडला जात नाही. तिथे स्वातंत्र्याची ढाल पुढे करायची सोय कुणालाही असू नये. सीमेवरची उदाहरणंही आहेत. 2023 च्या फेब्रुवारीत आयआयटी मुंबईत दर्शन सोलंकी गेला. संस्थेच्या समितीला त्यात जातीय भेदभाव दिसला नाही, कुटुंबाला तो दिसत होता. त्यानंतर जुलैत संस्थेनं सूचना काढली की एकमेकांना जेईईची रँक किंवा गेटचे गुण विचारू नका, त्यावरून जात कळते. वरवर पाहता ही बोलण्यावर बंदी. पण "तुझी रँक किती?" हे "तिथले म्हणजे कोणते?" याचंच आयआयटीतलं रूप आहे. ही सूचना मला पटली, हे मी स्वातंत्र्याचा कैवार घेऊन लिहिलेल्या पत्रातच नोंदवतो.

तुमच्या आयोगाचं एक वैभव तुम्हालाच आठवण करून द्यावंसं वाटतं. आयोगाचे अध्यक्ष असताना सुखदेव थोरात यांच्या समितीनं 2007 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या जातीय भेदभावाचा अहवाल दिला. थोरात आमच्या अमरावती जिल्ह्यातला माणूस, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेला. वसतिगृहात कोणत्या मजल्यावर कोण राहतं इथपर्यंत त्या समितीनं पाहिलं. पथकं न नेमता, मुलांशी बोलून. आयोग हे करू शकतो याचा तो पुरावा आहे.

तर मागण्या. तक्रारी ऐकणाऱ्या समता समितीचं अध्यक्षपद संस्थेच्या प्रमुखाकडे ठेवू नका. स्थगित नियमांत ते त्याच्याकडेच होतं, आणि बाहेरचा लोकपाल यायचा तो अपिलाच्या टप्प्यावर. तोवर अर्ज घडी घालून परत गेलेला असतो. जिल्ह्यातल्या चार-पाच महाविद्यालयांना मिळून एक समिती द्या, तिच्यावर निवृत्त न्यायाधीश नेमा किंवा दुसऱ्या विद्यापीठातला प्राध्यापक, आणि तक्रार थेट त्यांच्याकडे नोंदवता येऊ द्या. चोवीस तासांत बैठक आणि कामकाजाच्या पंधरा दिवसांत अहवाल ही स्थगित नियमांतली मुदत ऐकायला छान आहे, पण घाईत जमावाला खूश करणारे निकाल लागतात. त्यापेक्षा पहिल्या चोवीस तासांत अंतर्गत गुणांचा अधिकार त्या शिक्षकाकडून तात्पुरता दुसऱ्याकडे द्या. माझ्या प्राचार्यांची सबब तिथेच संपली असती.

वर्गात विषयाच्या ओघात मांडलेलं मत केवळ मत म्हणून तक्रारीचं कारण होणार नाही, असं एक कलम नियमांत स्पष्ट शब्दांत घाला. तासिका आणि कंत्राटी शिक्षकांसाठी वेगळं कलम लागेल : तक्रार किंवा निवेदन आल्यानंतर त्यांचे तास कमी करायचे असतील तर लेखी कारण आणि समितीची पूर्वपरवानगी. महाराष्ट्रात कायम पदांची भरती वर्षानुवर्षं रखडलेली आहे, वरिष्ठ महाविद्यालयांत तासिकांवरच बरंचसं अध्यापन चालतं. दरवर्षी नव्यानं मुलाखत देणाऱ्या माणसाला अध्यापनाचं स्वातंत्र्य आहे असं म्हणणं हा विनोद आहे, आणि तोच माणूस भेदभावाची साक्ष देईल अशी अपेक्षा हा त्याहून मोठा. सी बॅचबद्दल त्या लॅबमधल्या तासिकावाल्या बाईंना सगळं माहीत होतं. मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं हे मला माहीत होतं आणि का दिलं असतं हेही.

शेवटची मागणी अगदी कारकुनी आहे. वार्षिक अहवालाच्या नमुन्यात 'निरंक' लिहायला बंदी करा. शून्य तक्रारी असतील तर पेटी किती वेळा उघडली, किल्ली कुणाकडे होती, किती विद्यार्थ्यांशी बोललं गेलं आणि किती तोंडी तक्रारी 'समजावून' मिटवल्या, ते लिहायला लावा. सलग तीन वर्षं ज्या संस्थेत शून्य असेल तिथे बाहेरची समिती पाठवा.

ती नोंदवही अजून कॉलेजातच असेल, समान संधी कक्षाच्या गोदरेज कपाटात, नॅकच्या फायलींखाली. निवृत्तीच्या दिवशी मी ती रीतसर सुपूर्द केली, पोचपावती माझ्याकडे आहे. तिच्यात आता खाडाखोड करायचा अधिकार मला नाही, म्हणून दुरुस्ती इथे करतो.

2017-18 : प्राप्त तक्रारी – 1, तक्रारदार 1, बाधित विद्यार्थी 12. नोंद केली नाही. कार्यवाही – तक्रारदारास समजावून सांगितले.

2018-19 : प्राप्त तक्रारी – 1, निवेदन स्वरूपात, अध्यापकाविरुद्ध. चौकशी – नाही. अध्यापकाचे म्हणणे – ऐकले नाही. कार्यवाही – तास बंद.

आपला,
तत्कालीन भेदभावविरोधी अधिकारी
(निवृत्त सहयोगी प्राध्यापक, राज्यशास्त्र)